आयर्न मेडनचा 'द एक्स फॅक्टर': काही महिने वाजवल्यावर

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या या अल्बमची नवी कोरी, सीलबंद रेकॉर्ड आणि पहिल्याच बाजूला चरचर. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "सर, व्हायनलमध्ये एवढा आवाज असतोच." असतो हो, मान्य. पण हा अल्बम निम्मा कुजबुजण्यात गेलाय, त्याचं काय? बदलून मिळणार नाही म्हणाले. महागाची डबल एलपी (दोन रेकॉर्डचा संच), म्हणून जास्तच टोचलं.

या अल्बमची खोडच ती. बँडचा म्होरक्या स्टीव्ह हॅरिस बेस गिटारवर हलके स्वर छेडत बसतो, गायक ब्लेझ बेली पुटपुटतो, काही ऐकू येत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि निको मॅकब्रेनचे ड्रम अंगावर येतात. लगेच आतून आवाज, "अरे, कमी कर ते!" एकदा ठीक. पण 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर'ला तेच, 'दि एज ऑफ डार्कनेस'ला तेच, '२ ए.एम.'ला तेच. 'ब्लड ऑन द वर्ल्ड्स हँड्स'ला तर मिनिटभर नुसता बेस! हॅरिसला आवरणार कोण? बँडचा जुना निर्माता मार्टिन बर्च १९९२च्या 'फिअर ऑफ द डार्क' अल्बमनंतर निवृत्त झालेला. या अल्बमचं रेकॉर्डिंग हॅरिसच्याच एसेक्समधल्या स्टुडिओत, निर्माताही तोच, जोडीला नायजेल ग्रीन. दुकान स्वतःचं आणि हिशेब तपासणाराही स्वतःच.

ब्लेझचं म्हणाल तर पहिले काही आठवडे मीही त्याच्यात आधीचा गायक ब्रूस डिकिन्सनच शोधत होतो. रेकॉर्ड ब्रशने नीट साफ केली, चरचर बरीच कमी झाली (पहिली बाजू सोडून), आणि त्या हळू भागांत हा माणूस ऐकू यायला लागला. त्याची पट्टी खालची, आवाज जाडसर. 'साइन ऑफ द क्रॉस' अकरा मिनिटांचं आहे. सुरुवातीच्या मंत्रपठणानंतर तो जे दबून गातो, त्यात खरी धास्ती आहे. पुढे 'रॉक इन रिओ' या लाइव्ह अल्बमात बँडमध्ये परतलेल्या ब्रूसने हेच गाणं गायलं. कोरस त्याचा भारी, पण सुरुवात मला ब्लेझचीच हवी. त्याला बदनाम केलं ते स्टेजने. ब्रूसची वरच्या पट्टीतली गाणी रोज रात्री याच्या गळ्यात मारली, मग गळा बसणारच. यात गायकाचा काय दोष?

'मॅन ऑन द एज' धावतं, मजा येते, बाकी फार काही नाही. 'लुक फॉर द ट्रुथ' आजही न ऐकता पुढे जातो.

घ्यायचाच तर सीडी घ्या. सत्तर मिनिटांचा ऐवज एका चकतीवर, स्वस्तात; दर दोन-तीन गाण्यांनी उठायला नको, चरचर नाही. आणि हेडफोन लावा, म्हणजे घरात शांतता राहील. याच गायकाचा १९९८चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' व्हायनलवर घ्यायला मात्र हरकत नाही. त्यातल्या 'दि एंजल अँड द गँबलर'मध्ये एकच ओळ इतक्यांदा येते की सुई अडकली तरी कळायचं नाही.