क्षेपणभूमीसाठी जागांची तुलना: एका सल्लागार सेवेचे परीक्षण

क्षेपणभूमीसाठी, म्हणजे शहराचा कचरा कायमचा पुरण्याच्या जागेसाठी, पर्यायी जागांची तुलना करून देणाऱ्या सल्लागार सेवेकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते: जागांचा तांत्रिक अभ्यास आणि त्या जागांभोवती राहणाऱ्यांच्या हरकतींना उत्तरे. ज्या संस्थेचा अहवाल मी वाचला आणि जिने घेतलेल्या जनसुनावणीला मी उपस्थित होतो, तिने पहिले काम बऱ्यापैकी नेटके केले आहे. दुसरे काम मात्र तिने गुणतक्त्यातल्या, म्हणजे प्रत्येक जागेला निकषवार गुण देणाऱ्या तक्त्यातल्या, एका रकान्यात कोंबले आहे.

पूररेषेच्या आतल्या, पाणथळ, दरडी कोसळणाऱ्या आणि चुनखडकात पोकळ्या असलेल्या जागा गुण न देताच बाद केल्या, हे योग्य झाले. विमानतळाजवळच्या जागाही वगळल्या आहेत, कारण कचऱ्यावर जमणारे पक्षी विमानांना धोकादायक ठरतात. उरलेल्या तीन जागांपैकी जुन्या दगडखाणीचे विवेचन सर्वांत उपयुक्त आहे. आयता खड्डा म्हणून खाण स्वस्त वाटते. परंतु सुरुंगांमुळे खडकाला पडलेल्या भेगांतून कचऱ्यातले दूषित पाणी कोठे जाईल याचा अंदाज बांधणे कठीण असते, खाणीचा तळ पुष्कळदा भूजल पातळीच्या खाली गेलेला असतो आणि उभ्या कडांवर अस्तर, म्हणजे ते पाणी अडवणारा थर, बसवणे जिकिरीचे असते. याउलट सपाट माळावर चिकणमातीचा जाड थर आहे. चांगल्या दाबलेल्या चिकणमातीच्या अस्तरातून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक वेगाने झिरपू नये, असा प्रचलित निकष आहे. ढोबळमानाने हे वर्षाला 3 सेंटिमीटर होते. असा आकडा सामान्य वाचकाला कळेल अशा रीतीने मांडल्याबद्दल अहवालकर्त्यांना दाद द्यायला हवी.

गुणतक्त्यात मात्र गडबड आहे. वाहतुकीचा खर्च आणि शहरापासूनचे अंतर हे दोन स्वतंत्र निकष धरले आहेत. वास्तविक अंतर वाढले की खर्च वाढतोच. त्यामुळे एकाच गोष्टीचे गुण दोनदा मोजले जातात आणि सर्वांत जवळची जागा, म्हणजे वर ज्या खाणीचे इतके दोष सांगितले तीच, आपोआप वर चढते. भारांक, म्हणजे प्रत्येक निकषाला दिलेले वजन, थोडे बदलले तर क्रम टिकतो की उलटतो, हे तपासलेले कोठेच दिसत नाही. भूजलाला किती वजन द्यायचे आणि खर्चाला किती, हा मुळात धोरणाचा प्रश्न आहे; तो टक्केवारीच्या आड सुटल्यासारखा दाखवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

लोकांचे आक्षेप ‘सामाजिक स्वीकार्यता’ या एकाच शीर्षकाखाली येतात, जणू ते सारे भावनेचेच विषय आहेत. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक तांत्रिक आहेत. दुर्गंधीसाठी अहवालाने वर्षभराच्या वाऱ्याची सरासरी दिशा घेतली आहे. पण तिसरी जागा, म्हणजे डोंगरउतारावरची घळ, हिच्या बाबतीत शांत रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकते आणि वास पायथ्याच्या वस्तीत साचून राहतो, याचा त्या सरासरीत मागमूसही लागत नाही. वायूविषयीचे प्रकरण त्या मानाने बरे आहे: कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, तो मातीतून आडवा सरकत इमारतींच्या तळघरांपर्यंत पोहोचू शकतो आणि हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के असताना स्फोट होऊ शकतो, हे आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

सुनावणीत एका रहिवाशाने विचारले की, विहीर बिघडली तर पाणी कोण पुरवणार आणि किती वर्षे. उत्तर मिळाले ते अस्तर किती मजबूत आहे याचे. प्रश्न जबाबदारीचा होता, आणि तो तसाच राहिला. क्षेपणभूमी बंद झाल्यानंतरही तिची देखरेख निदान 30 वर्षे करावी, असा नियम अनेक ठिकाणी आहे, तरी त्या काळातील खर्चाची तरतूद अहवालात एका परिच्छेदात उरकली आहे.

या सेवेचे भूगर्भीय सर्वेक्षण घेण्याजोगे आहे. भारांक मात्र रहिवाशांच्या प्रतिनिधींसह उघडपणे ठरवावेत आणि तक्ता त्यानंतरच भरून घ्यावा. शिवाय काम सुरू होण्यापूर्वी आसपासच्या सर्व विहिरींच्या पाण्याची तपासणी करून घेण्याची अट करारात स्वतंत्रपणे घालावी लागेल, कारण संस्थेच्या मूळ प्रस्तावात ती नाही आणि अशा नोंदींअभावी पुढे पाणी केव्हा व कशाने बिघडले हे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते.