आयसोलेटरच्या नावाखाली रिकामी पेटी

ज्यांच्याकडे जुना पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) काढून नवा बसवायचं काम निघालंय, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमची फसवणूक झाली ती माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून लिहायचं मनावर घेतलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मोठी कामं आम्ही तेव्हाच काढतो. शीतगृहाचा पीएलसी जुना झाला होता, सुटे भाग मिळत नव्हते, त्यामुळे बदलणं भागच होतं. ठेकेदार बाहेरगावचा. बोलायला गोड, आणि आमच्या शेठना पहिल्याच भेटीत घाबरवून गेला : "मॉडबस म्हणजे १९७९ सालची भाषा आहे साहेब, आता कोण वापरतं?" मॉडबस म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत. त्याचं म्हणणं अर्धसत्य होतं. साल बरोबर आहे, पण त्याने दिलेल्या नव्या इथरनेट पीएलसीतही मॉडबस टीसीपीच, म्हणजे नेटवर्कवरून चालणारं मॉडबसच होतं. रजिस्टर तीच, फंक्शन कोड तेच, फक्त वाहन वेगळं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

नवा पीएलसी, मधे एक गेटवे (नव्या-जुन्या केबलमधला दुभाषी), आणि गेटवेपासून पुढे जुनीच आरएस-४८५ची, म्हणजे सगळी यंत्रं एकाच लाइनवर जोडणारी केबल असं ठरलं. त्या केबलवर चार ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) आणि दोन तापमान कंट्रोलर. गेटवे धरून सात यंत्रं. साठ टक्के रक्कम आगाऊ गेली. जुना पीएलसी तो 'बायबॅक'मध्ये घेऊन गेला आणि पंधरा हजार बिलातून वजा केले. तो चालता पीएलसी होता. कपाटात ठेवला असता तर पुढचे दोन महिने आम्ही असे अडकलो नसतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोटी यायला लागल्या, कॉम्प्रेसर पूर्ण भाराने चालू झाले आणि संपर्क तुटायला लागला. कॉम्प्रेसर सुरू झाला की गेटवेवर सीआरसी एरर, म्हणजे आलेला निरोप वाटेत बिघडल्याची खूण. एका रात्री शिफ्टच्या मुलाने फोन केला, "साहेब, दरवाजावरचा काटा उणे बारा दाखवतोय." पडद्यावर मात्र उणे १९.६. तासभर तोच आकडा, दशांशसुद्धा हलला नव्हता. संपर्क गेल्यावर पडदा शेवटचा आकडा धरून बसला होता आणि अलार्म लावलेलाच नव्हता. आत निर्यातीची म्हाकूळ होती. उणे १८च्या वर गेलेल्या प्रत्येक तासाचा जाब आम्हालाच द्यावा लागतो. काम ताब्यात घेताना केबल मुद्दाम काढून बघा. पडद्यावर आकडा तसाच राहिला तर सही करू नका.

ठेकेदार आला. म्हणाला, कोकणातली खारी हवा, ड्राइव्हचा नॉईज (विजेचा गोंधळ), आयसोलेटर लागतील, म्हणजे तो नॉईज पुढे जाऊ न देणाऱ्या पेट्या. एकाची किंमत २७,५०० अधिक जीएसटी. दोन बसवले आणि फरकही पडला, एरर निम्म्यावर आले. मग म्हणाला, अजून चार बसवा म्हणजे कायमचं मिटेल. शेठनी त्याचेही पैसे आगाऊ दिले. त्यानंतर त्याचा फोन लागेना.

गणपतीत कारखाना दोन दिवस बंद होता. मी आणि आमचे जुने वायरमन दादा, दोघंच. सगळं पॅनेल बंद करून मल्टिमीटर गेटवेच्या ए आणि बी, म्हणजे लाइनच्या दोन तारांच्या टर्मिनलवर लावला. आरएस-४८५च्या लाइनला फक्त दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) असावेत, समांतर म्हणून मीटरला साधारण ६० दिसले पाहिजेत. दिसले २४.३. म्हणजे १२० भागिले पाच. दोनाच्या जागी पाच टर्मिनेटर लागलेले. एवढा बोजा पडला की लाइन शांत असताना दोन तारांमधला व्होल्टेज रिसीव्हरला लागणाऱ्या २०० मिलिव्होल्टच्या खाली येतो, आणि मग ड्राइव्हचा थोडा नॉईजही त्याला डेटा वाटतो. आमची केबल १८० मीटरची, वेग ९६००. खरं तर एवढ्या कमी वेगाला ही लाइन कुरकुरायचं कारणच नव्हतं.

आकडा वहीत लिहिला आणि मग डोक्यात आलं. मधे दोन आयसोलेटर आहेत ना? आयसोलेटर दोन्ही बाजूंमधली विजेची जोडणी तोडतो. ते खरे असते तर पलीकडचे टर्मिनेटर इकडून मीटरला दिसलेच नसते. मीटर कंटिन्युइटीवर घेतला, एक टोक पेटीच्या आत जाणाऱ्या 'ए'वर, दुसरं बाहेर येणाऱ्या 'ए'वर. मीटर वाजला, म्हणजे दोन्ही बाजू आतून थेट जोडलेल्या.

दादांनी चार स्क्रू काढले. झाकणाखाली काळा राळेसारखा थर होता, तो पेचकसाने टोकरला. खाली दोन वायरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. बाजूला एक हिरवा दिवा आणि त्याचा रेझिस्टर. दादा बराच वेळ बघत राहिले. "साहेब, ह्यात काय नाय. नुसत्या दोन वायरी हायत."

पेटी बसवल्यावर फरक पडला होता, त्याचंही उत्तर सापडलं. काम हाती घेतलं त्या दिवशीचे फोटो माझ्या फोनवर होते. त्यात चारही ड्राइव्हचे टर्मिनेटरचे डिपस्विच 'ऑन', दोन्ही कंट्रोलरवर रेझिस्टर, गेटवेवरही. सातही चालू. आता दोन ड्राइव्हचे स्विच 'ऑफ' होते, नेमके ते दोन, ज्यांच्याशेजारी त्याने पेट्या लावल्या. बिघाड कुठे आहे हे त्याला माहीत होतं. प्रत्येक पेटीमागे तो एकेक स्विच बंद करत होता आणि पैसे पेटीचे घेत होता. पहिल्या दिवशीचे फोटो नसते तर हे कधीच कळलं नसतं.

पेट्या काढल्या, मधले टर्मिनेटर बंद केले, दोन टोकांचे ठेवले. मीटरवर ६०. तेव्हापासून एकही सीआरसी एरर नाही, कॉम्प्रेसर कितीही वेळा सुरू होवो.

तक्रार घेऊन आम्ही गेलो. पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. ग्राहक आयोगात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, असं वकिलांनी सांगितलं. पेट्या, बिलं, फोटो आणि मीटरच्या आकड्यांची वही त्यांच्याकडे दिली आहे, दावा लावायचं चाललंय.

नव्या पीएलसीला ठेकेदाराने पासवर्ड घातलाय. करारात पासवर्ड आणि प्रोग्रॅमची प्रत आम्ही लिहून घेतली नव्हती. दोन नंबरच्या खोलीचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) बदलायचा झाला तरी जमत नाही. सध्या कुठल्या इनपुटला कुठलं आउटपुट लागतं ते दादा आणि मी पॅनेलसमोर बसून दिव्यांवरून वहीत उतरवतोय, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने लिहिता येईल. आत्तापर्यंत एकवीस ओळी झाल्यात.