नवेगावबांध बघायला गेलो आणि बाजूच्या बारक्या तलावाला पाच स्टार देऊन आलो

आधीच सांगतो, मी माहेरचा भंडाऱ्याकडचा (म्हणजे आईचं माहेर हो, माझं नाही) आणि राहतो पुण्यात, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच. जानेवारीत मी, बायको आणि साकोलीचे मामा असे तिघं दोन दिवस गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जाऊन आलो. नेटवर रिव्ह्यू बघितले तर अर्ध्या लोकांनी लिहिलंय "फक्त पाणी आहे, करण्यासारखं काही नाही", दोन स्टार. अरे बाबा, तलावावर गेलास ना, मग पाणीच असणार की!

तर आधी मोठा तलाव. नागपूरहून साकोली मग कोहमारा, तिथून आत वळायचं, साधारण दीडशे किलोमीटर, मधे चहाचे दोन हॉल्ट धरले तर साडेतीन तास. तलाव खरंच मोठा आहे, सगळीकडून डोंगर, आणि हा नैसर्गिक वाटतो पण नाहीये. कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात, डोंगरांच्या मधली जागा मातीच्या पाळीने अडवून. डोंगरांना सातबहिणी म्हणतात, बहिणींनी मदत केली म्हणून पाळ टिकली अशी गोष्ट आहे, आणि कोलू पाटलाचा आता कोलासुर देव झालाय, डोंगरावर ठाणं आहे. धरण बांधणाऱ्याला लोकांनी देव केलं हे मला फार आवडलं, आजच्या कुठल्या कॉन्ट्रॅक्टरला हा मान मिळेल बघा.

राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. लेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिलेत, त्यामुळे मराठी वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असतंच. पट्टकादंब हिवाळ्यात येतात, आम्हाला लांबून एक थवा दिसला, मामा म्हणाले ते बदकं आहेत, मी म्हटलं नाही मामा हे हंसातले, अर्धा तास त्यावरच गेला.

मुक्काम कुठे केला ते नाव लिहीत नाही, पण गिझर बंद, गरम पाण्याची बादली मागितली तर "येतेच" म्हणून पाऊण तास, आणि बाहेर रात्री डीजे. तलावाच्या काठावर डीजे! बोटिंगवाल्याने पण तासाचे पैसे घेऊन पंचवीस मिनिटांत काठाला लावलं, विचारलं तर "हवा लागून राहिली जी". पानही हलत नव्हतं. एवढ्यासाठी स्टार कापले.

आता खरा मुद्दा. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले हे मोठं काय बघता, मामा तलाव बघा. बायकोला वाटलं मामांचा स्वतःचा तलाव आहे, ती खूशच झाली. तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले, राजाने म्हणे सांगितलं होतं की जेवढी जमीन तुझ्या तलावाने भिजेल तेवढी तुझी, मग काय, लोक बांधत सुटले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ६,५०० च्या वर आहेत. पुढे १९५० च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि मग आपल्याकडे जे होतं तेच झालं, सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही.

आम्ही गेलो तो अर्जुनी-मोरगावकडचा एक बारका तलाव, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, उद्या तिथेही डीजे जायचा. मामांच्या ओळखीचे एक ढिवर (म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले) बुवा होते, सत्तरीचे असतील, त्यांनी फिरवलं. सकाळी साडेसहाला पाळीवर पोचलो तर धुकं इतकं की पाणी आहे का शेत आहे तेच कळेना, फक्त खालून जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट. पाळ म्हणजे काय हो, मातीचा लांब ढिगारा, फार तर दोन माणसं उंच, वर गवत, मधे पायवाट. मी जरा निराशच झालो. बुवांना विचारलं सिमेंट कुठे आहे, तर हसले, "सिमेंट काहून लागते जी, माती बसली का दगड होते."

मग त्यांनी पाळीवरचं गवत दाखवलं. ते उपटायचं नाही, त्याच्या मुळांनी पावसात माती धरून राहते. मोठं झाड मात्र पाळीवर नको, ते वाळलं की मूळ कुजतं आणि आत पोकळी होते, पाणी तिथूनच वाट काढतं. खेकड्याचं, घुशीचं बीळ दिसलं की लगेच बुजवायचं. एका जागी बुवा थांबले, बसले, बोट घातलं बिळात, पार मनगटापर्यंत आत गेलं, मग आजूबाजूची ओली माती काढून गोळे करून करून आत कोंबले आणि टाचेने दाबले. पाच मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाले "सरका, पाळ दबते तुमच्यानं". वजन कमी करायला हवं हे कळलं, पण असं कोणी सांगितलं नव्हतं.

पाणी शेताला सोडायला तुडूम असतं, म्हणजे पाळीतल्या मोऱ्यांची सोय, पाणी जसं खाली जाईल तशी वरून खाली एकेक मोरी उघडायची. आणि जास्तीचं पाणी बाजूने निघून जायला सलंग. मला वाटायचं सलंग म्हणजे फक्त सेफ्टी, मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ संपली म्हणून. पण बुवांचं म्हणणं, सलंग ही माशांची वाट आहे. पहिला मोठा पाऊस आला की सलंगीतून पाणी वाहतं आणि खालचे मासे त्या धारेवर उलटे चढतात, धानाच्या बांध्यांत जाऊन अंडी घालतात. तिथे कोणी जाळी लावून वाट बंद केली तर पुढच्या वर्षी तलावात फक्त विकत आणून सोडलेलं बीज, रोहू, कतला, मृगळ. ते वाढतात पटकन, पैसेही देतात, पण मरळ, मांगूर, बारके झिंगे हे आपोआप येणारं, ते जातं. आणि घरात खायला तेच लागतं.

दुसरं म्हणजे काठ. हे मी कधी डोक्यात घेतलंच नव्हतं. तलाव खोल असला की भारी असं आपल्याला वाटतं ना? तसं नाही. काठाला गुडघाभर पाण्याचा उतरता पट्टा लागतो, तिथे वनस्पती उगवतात, माशांची पिल्लं त्यात लपतात, कमळपक्षी पानांवर चालतात, करकोचे गोगलगायी शोधतात. जेसीबी लावून सरसकट खरवडलं आणि कडा भिंतीसारख्या उभ्या केल्या की पाणी वाढतं पण हा पट्टा मरतो. इथल्या लोकांनी उलटं केलं, बेशरम (काठाला माजणारं झुडूप) मुळासकट उपटली, उन्हाळ्यात पाणी आटल्यावर कोरडा तळ नांगरला आणि आधीच्या पाणवनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावांतून आणून हाताने लावल्या, धान लावतात तशाच. बाया लावत होत्या म्हणे, रोवणीचा हात त्यांचाच. देवधान पण आहे, रानातला तांदूळच तो, आपोआप येणारा. या भागात ढिवर समाजाच्या सोसायट्यांनी बऱ्याच ठिकाणी हे काम चालवलंय आणि मासे परत आलेत. मला हे आधी माहीतच नव्हतं, आणि मी म्हणे इथला भाचा.

धुकं उठल्यावर काय दिसलं तर अडई बदकं शंभर-दीडशे सहज, हळदी-कुंकू बदकं, उघड्या चोचीचे करकोचे, पाणकावळे पंख वाळवत. सारस दिसला नाही. गोंदिया जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध आहे, राज्यात उरलेले सारस बहुतेक इकडेच, पण ते वैनगंगेच्या बाजूच्या धानपट्ट्यात जास्त, इथे येऊन सारस मागू नका. वाघ तर अजिबात मागू नका, एक फॅमिली खरंच विचारत होती.

जेवण बुवांच्याच घरी. मरळीचा रस्सा, चिन्नोरचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे. तिखट म्हणजे डोळ्यातून पाणी, बायको कोल्हापूरची असून तिने दोनदा पाणी मागितलं आणि हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवतोय. पैसे घ्यायला तयार नव्हते, मामांनी नातवाच्या हातात कोंबले.

मोठा तलाव पाचपैकी तीन, मुक्काम एक, बारका तलाव पाच. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, दुर्बीण न्या, ड्रोन नको, पक्षी उठतात. पाळीवर गाडी चढवू नका, आमच्यासमोर एकाने एसयूव्ही वर घातली होती आणि बुवा नुसते बघत राहिले, काही बोलले नाहीत, ती खाली उतरल्यावर चाकांचे खड्डे पायाने बुजवत त्या टोकापर्यंत गेले.