पाण्याच्या टँकरला एलईडी लाईट लावून नऊ महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

आमचा ट्रॅक्टर आणि मागं पाच हजार लिटरचा पाण्याचा टँकर. पुण्याजवळ फुरसुंगीहून भरायचा आणि हांडेवाडी, उंड्री, पिसोळीच्या सोसायट्यांना टाकायचा, उन्हाळ्यात दिवसाला आठ-नऊ खेपा होतात आणि शेवटची खेप रात्री साडेदहा-अकराला. एवढं सांगायचं कारण म्हणजे ही गाडी अंधारात चालते, हळू चालते आणि सतत ओली असते. एलईडीबद्दल जे काय सांगणार आहे ते या तीन गोष्टी धरून वाचा, तुमची ट्रॉली कोरड्या मालाची असेल तर तुमचं निम्मं दुखणं आधीच कमी आहे.

मागच्या एप्रिलमध्ये हांडेवाडी रस्त्याला एक पोरगा स्कूटरवरून मागनं येऊन धडकला. नशिबानं खरचटण्यावर निभावलं. ड्रायव्हरकाका त्याला ओरडायला लागले तर तो म्हणाला, "काका मागं लाईट कुठंय?" आणि खरंच नव्हती. म्हणजे दिवे होते, पण डावा बंद आणि उजवा असा पेटलेला की देवघरातली समई बरी. दुसऱ्या दिवशी मीटर लावून बघितलं, बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि ब्रेक दाबून मागच्या होल्डरवर १०.२. काडीच्या, म्हणजे आतली तार तापून पेटणाऱ्या जुन्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज थोडं पडलं की उजेड लई पडतो, वीस टक्के व्होल्टेज गेलं तर उजेड जवळपास निम्म्यावर येतो. वर काचेवर चिखल, आत गंजलेलं रिफ्लेक्टर. त्या पोराची काय चूक.

मग ठरवलं की एलईडी टाकायचे. नाना पेठेत गेलो, एका दुकानातनं साडेतीनशे रुपयांची जोडी घेतली. चकाचक दिसत होती, दुकानदार म्हणाला "वॉटरप्रूफ आहे मालक, बिनधास्त लावा". लावली. पहिला आठवडा मी स्वतः मागं मोटरसायकलवर जाऊन बघायचो, एवढं कौतुक. तिसऱ्या आठवड्यात काचेच्या आत वाफ धरली, महिन्याच्या आत डाव्या लाईटमधले निम्मे दाणे, म्हणजे आतल्या छोट्या छोट्या एलईडी, गेले. इथं एक गोष्ट कळली जी आधी कधी डोक्यातच आली नव्हती: जुना बल्ब गरम होतो, त्यामुळं आत गेलेला ओलावा तो स्वतःच वाळवतो. एलईडी गरमच होत नाही तेवढा, त्यामुळं आत गेलेलं पाणी आतच बसतं आणि दाणे बसवलेली पट्टी गंजून जाते. म्हणजे बल्बच्या डब्यात थोडं पाणी गेलेलं चालून जायचं, एलईडीला अजिबात चालत नाही. आणि ही जोडी नुसती काच चिकटवलेली होती, आत मोकळी.

स्वस्तातल्या जोडीचा दुसरा घोळ म्हणजे आत नुसता रेझिस्टर (करंट अडवणारा साधा तुकडा), करंट सांभाळणारी सर्किट काही नाही. ट्रॅक्टर चालू असताना माझ्या मीटरवर १४.३ व्होल्ट येतात. बारा व्होल्टाच्या हिशोबानं लावलेल्या दाण्यांना त्यात कायम जास्तीचा करंट. मग ते जाणारच.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. तपकीर गल्लीत एका ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला ती मेलेली लाईट दाखवली, त्यानं उघडून सांगितलं की घेताना मागची बाजू बघ, आत रेझिन ओतून पॅक केलेली असली पाहिजे आणि वायर थेट आतनं बाहेर आलेली पाहिजे, मागं स्क्रू आणि झाकण असलेली नको. डब्यावर आयपी ६७ (म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) आणि १० ते ३० व्होल्ट असं लिहिलेलं बघ म्हणाला. पण लिहिलं म्हणजे असतंच असं नाही, म्हणून दुकानात बादलीत बुडवून बारा व्होल्टावर लावून दाखवा म्हणलं तर पहिल्या दुकानदारानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्यानं दाखवली. त्याच्याकडनं तेराशे रुपयांची जोडी घेतली. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, पुढच्या लॉटला तोच माल येईल याची गॅरंटी कोण देतं.

आता खरी गंमत. लाईट एक नंबर, लावल्यावर घरासमोर उभी करून बघितली, झकास. रस्त्यावर आणली तर खड्ड्यात गेली की लपकझपक. ब्रेक दाबून धरलाय तरी मागची लाईट नाचतेय. वायरमन म्हणाला पीस डिफेक्टिव्ह आहे, बदलून आणा. मी दुकानात जायच्या तयारीत होतो, पण मग शंका आली की दोन्ही लाईट एकाच वेळी कशा नाचतील. टँकरच्या चासीवरनं एक मोकळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि नाचायच्या बंद. म्हणजे लाईट बरोबर होती, अर्थ (अर्थिंग, करंट परत बॅटरीकडं जायची वाट) खराब होता. आमच्या टँकरला अर्थची वेगळी वायरच नव्हती, हुकाच्या पिनमधनं अर्थ जात होता. गंज, ग्रीस, माती यातनं जेवढा पोचेल तेवढा. हे वर्षानुवर्षं असंच होतं पण बल्बमध्ये कळत नव्हतं, कारण काडी तापलेली असते, क्षणभर करंट तुटला तरी ती लगेच विझत नाही. एलईडी लगेच विझते. ती चुगली करते, बल्ब झाकून न्यायचा, एवढाच फरक.

माझ्या मते निम्म्या लोकांचं "एलईडी टिकत नाही राव" इथंच होतं. लाईट बदलतात, वायरिंग तेच जुनं.

मग सगळं उकरलं. टँकरच्या दिव्यांची वायर ट्रॅक्टरला जोडणारा सात पिनचा प्लग उघडला तर आत हिरवं शेवाळ धरल्यासारखं तांबं. सात पिनच्या सॉकेटला पद्धत ठरलेली आहे, एक नंबर डावा इंडिकेटर पिवळ्या वायरनं, तीन नंबर अर्थ पांढरी, चार नंबर उजवा इंडिकेटर हिरवी, सहा नंबर ब्रेक लाल, आणि नंबर प्लगच्या आत बारीक अक्षरात कोरलेले असतात. आमच्यात सगळ्या वायरी काळ्या आणि जिथं जी बसली तिथं ती. आधीच्या वायरमननं तीन नंबरला काही लावलंच नव्हतं, रिकामा. नवीन प्लग-सॉकेट घेतलं, सात कोरची केबल घेतली, अर्थला दीड स्क्वेअर एमएमची वेगळी वायर टाकली, चासीला घासून पत्रा पांढरा करून वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून बोल्ट मारला आणि वर व्हॅसलिन फासलं. प्लगच्या पिनांनाही व्हॅसलिन, तो दर महिन्याला काढून पुसून परत लावायचा. जोड कुठंही नुसता पिळून टेप मारलेला ठेवला नाही, डाख देऊन वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. केबल सगळी फ्लेक्झिबल पाइपातनं नेली. लाईटच्या तेराशेवर वायरिंगचा खर्च सतराशेच्या आसपास गेला, मजुरी नाही कारण मी आणि माझा चुलतभाऊ दोघांनी रविवारी बसून केलं. वडील म्हणाले, "दिवा बदलायला गेला आणि अख्खी गाडी सोलून बसला." खरंय.

जागा पण बदलली. आधी लाईट मागच्या अँगलवर पाण्याच्या व्हॉल्व्हच्या बरोबर खाली होत्या, म्हणजे टँकर खाली करताना पाइपातनं गळणारं सगळं पाणी लाईटवर, आणि पाइप काढून ठेवायची जागा पण तीच, त्यामुळं कपलिंग आपटून काच फुटायची. आता दोन्ही कडांना बाहेर घेतल्या, फॅब्रिकेटरकडनं पट्टीची जाळी करून घेतली. बाहेर घेतल्यामुळं मागच्याला गाडीची रुंदी कळते, हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

फॅब्रिकेटरवरनं आठवलं. ऑगस्टमध्ये मडगार्डचा वेल्ड तुटला म्हणून टँकर नेला, त्यानं ट्रॅक्टरला जोडलेलाच असताना वेल्डिंग मारलं, संध्याकाळी उजव्या लाईटचा ब्रेक गेला. बहुतेक त्यानंच गेला, बाकी काही कारण दिसत नाही. तेव्हापासनं नियम, वेल्डिंगच्या आधी सात पिनचा प्लग काढायचा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जिथं काम आहे तिथंच शेजारी लावायची. आमच्या गावातल्या ट्रॉलीवाल्यांना हे सांगितलं तर हसतात. त्या लाईटचे साडेसहाशे माझे गेले, त्यांचे नाही.

इंडिकेटरचं प्रकरण वेगळं. सगळे घाबरवतात की एलईडी लावली की इंडिकेटर टकटकटकटक पळतो, रेझिस्टर लावावाच लागतो. मी लावला नाही आणि काही झालं नाही. साधं कारण आहे, ट्रॅक्टरचे स्वतःचे पुढचे-मागचे २१ वॅटचे बल्ब तसेच होते, फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) तेवढा लोड पुरतो, मागं टँकर जोडलेलाच नाही असं समजून तो चालतो. नंतर हौसेनं ट्रॅक्टरच्या मागच्या इंडिकेटरला पण एलईडी टाकली, तेव्हा मात्र पळायला लागला. वायरमननं परत रेझिस्टर पुढं केला, ५० वॅटचा ६ ओहमचा. मी हिशोब केला, चौदा व्होल्टावर तो बत्तीस-तेहतीस वॅट नुसते तापण्यात घालवणार, म्हणजे बल्ब काढून जे वाचवलं ते उष्णतेत परत घातलं, आणि प्लॅस्टिकजवळ बसवला तर वितळवणार. नको म्हणलं. तीन पिनांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो, एलईडी चालणारा मागा म्हणजे झालं, माझा एकशे ऐंशीला आला. जुना काढला, हा बसवला, पाच मिनिटांचं काम. फक्त पिनांची अक्षरं बघून लावा, बी, एल आणि ई, ई म्हणजे अर्थ, आणि गाडीच्या वायरी त्याच क्रमानं असतील असं धरून चालू नका.

वापरात काय फरक पडला विचाराल तर सगळ्यात मोठा ब्रेकमध्ये. काडीचा बल्ब पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद घेतो, एलईडी त्याच क्षणी पेटते. ऐकायला काहीच नाही वाटत. पण मागनं पन्नासच्या स्पीडनं येणारा माणूस तेवढ्या वेळात पावणेतीन मीटर पुढं येतो, म्हणजे एका स्कूटरच्या लांबीपेक्षा जास्त. कात्रज-मंतरवाडी रस्त्यावर डंपर ज्या पद्धतीनं मागं चिकटून येतात ते बघितलेल्या माणसाला पावणेतीन मीटर काय असतं ते सांगायला नको. आता डंपर अंतर ठेवतात असं म्हणणार नाही, ते नाहीच ठेवत, पण हॉर्न मारत आधी थांबतात तरी.

पालखीच्या वेळी वडकीला टँकर वारकऱ्यांसाठी दोन दिवस उभा होता, दिवे घाटाच्या आधी. रात्रभर मागची लाईट चालू ठेवली कारण गर्दीत कोण अंधारात येऊन आदळेल सांगता येत नाही. सकाळी सेल्फ एका दमात लागला. बल्ब असताना असं रात्रभर ठेवायची हिंमतच झाली नसती, गेल्या वर्षी धक्का मारून चालू केला होता आणि धक्का मारायला वारकरीच आले होते, माउली माउली करत.

आता नावडतं. चिखल. एलईडी गरम होत नाही, काचेवर बसलेला चिखल वाळून पडत नाही, पावसाळ्यात प्रत्येक खेपेला फडकं मारावं लागतं, काका विसरतात आणि मी चिडतो. दुसरं, दुपारी उन्हात साधी टेल (मागं कायम पेटणारी लाईट) आणि ब्रेक यातला फरक या जोडीत पाहिजे तेवढा कळत नाही, घेताना दोन्ही लावून उन्हात नेऊन बघायला पाहिजे होतं, दुकानाच्या अंधारात सगळंच झगमगतं. तिसरं, पाचव्या महिन्यात डाव्या लाईटमधले सलग तीन दाणे एकदम विझले, बाकी चालू. तीन-चार दाणे एका माळेत असतात, एक गेला की त्याची माळ जाते. बल्ब असता तर वीस रुपयात नवीन, इथं अख्खी लाईट टाकायची. मी टाकली नाही, अजून तशीच चालू आहे, दात पडल्यासारखी दिसते.

आणि एक, ट्रॅक्टर सुटला की एलईडी काय आणि बल्ब काय, दोन्ही आंधळे. टँकर कधी कधी सोसायटीच्या कडेला सोडून ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला जातो, तेव्हा मागं फक्त रिफ्लेक्टरची टेप कामाला येते. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, ती लावाच. माझ्या चुलतभावानं मागं निळी चमचम पट्टी लावायची हौस केली होती, ती मी उपटून फेकली, मागं निळं काही चमकवायचं नाही, मागच्याला ती पोलिसांची गाडी वाटते का लग्नाची वरात हेच कळत नाही.

नऊ महिन्यांत एकूण खर्च, वाया गेलेली पहिली जोडी आणि वेल्डिंगनं गेलेला पीस धरून, चार हजारांच्या थोडा वर. परत करायचं झालं तर आधी अर्थ आणि प्लग, मग लाईट, आणि पहिली साडेतीनशेची जोडी नाहीच. दुसऱ्या ट्रॉलीला आता फक्त वायरिंग केलंय, बल्ब जुनेच ठेवलेत आणि खरं सांगतो, नुसत्या चांगल्या अर्थवर ते जुने बल्बसुद्धा असे पेटलेत की वडील म्हणाले, मग त्या एलईडीला एवढे पैसे कशाला घातले. यावर माझ्याकडं उत्तर आहे, पण ते ऐकायला थांबले नाहीत.