ग्राफिक्स कार्डासोबतचं सॉफ्टवेअर बसेना: परत बसवू, पुसून बसवू, की सोडून देऊ?

"मामा, ह्ये परत फेल झालंय." भाच्याचा तिसरा फोन. मग विश्रामबागला ताईकडं गेलोच, तर गडी डोक्याला हात लावून बसलेला. मिरजेच्या मित्राकडनं जुनं कार्ड घेतलेलं, पीसीत बसवलेलं, फॅन फिरतोय, स्क्रीन येतीय, पण कार्डासोबतचं ते सॉफ्टवेअर, ज्यात रेकॉर्डिंग, ड्रायव्हर अपडेट, गेमची सेटिंगं असतात, ते बार भरत भरत शेवटाला जाऊन फेल. दुकानात विचारलं तर म्हणे विंडोज मारायला, म्हणजे पुसून नव्यानं टाकायला, आणा. कार्ड कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, हा ताप सगळ्यांनाच होतो. त्या रविवारी आम्ही जवळजवळ सगळे उपाय केले आणि तेही उलट्या क्रमानं, म्हणजे सगळ्यात जड उपाय आधी. तुमचा रविवार वाचावा म्हणून हे लिहायलोय.

काय करायचं ते ठरवायच्या आधी काय फेल झालंय ते बघा. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम, आणि हे सोबतचं सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच इन्स्टॉलरमधनं येतात म्हणून आपल्याला एकच वाटतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डाचं खरं नाव दिसतंय आणि पिवळा त्रिकोण नाही, म्हणजे ड्रायव्हर बसलाय, गेम चालणार. तिथं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं तर ड्रायव्हरच नाही, मग सोबतच्या सॉफ्टवेअरची काळजी नंतर करा. एनव्हिडिया ह्या कार्ड कंपनीचा इन्स्टॉलर तर शेवटी यादीच देतो, ग्राफिक्स ड्रायव्हर, ऑडिओ ड्रायव्हर, फिजएक्स, प्रत्येकापुढं बसलं की नाही ते लिहिलेलं असतं. आपण ती न वाचता क्लोज दाबतो.

आता पर्याय. पहिला, तोच इन्स्टॉलर परत चालवणं. ऐकायला येडेपणा वाटतो, पण मधे एक खरा रिस्टार्ट झाला तर बऱ्याचदा काम होतं. खरा म्हणतोय कारण शटडाऊन करून परत चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनला अर्धी सिस्टीम झोपवून ठेवलेली असते, अर्धवट राहिलेलं अपडेट तसंच लटकतं आणि नवीन इन्स्टॉलर त्याला अडखळतो. रिस्टार्टच दाबायचं. मग विंडोज अपडेटमध्ये काय बाकी असेल तर ते होऊ द्यायचं, बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर तेवढ्यापुरता बंद, सी ड्राइव्हवर चांगली मोकळी जागा, आणि इन्स्टॉलर राइट क्लिक करून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचा. अर्धा तास जातो, धोका शून्य. याच्यातच क्लीन इन्स्टॉलचा, म्हणजे जुनं पुसून नव्यानं बसवायचा, पर्याय येतो, एनव्हिडियात कस्टम निवडल्यावर तशी टिक असते, एएमडी ह्या दुसऱ्या कार्ड कंपनीच्यात त्याला फॅक्टरी रीसेट म्हणतात. फक्त आधी केलेली कार्डाची सेटिंगं जातात, एवढंच.

दुसरा, डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. फुकट आहे, सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालू करून, जुन्या ड्रायव्हरच्या फायली, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीतल्या नोंदी खरवडून काढतं. यूट्यूबवर प्रत्येकजण पहिल्यांदा हेच सांगतो आणि आम्हीपण पहिल्यांदा हेच केलं. पुसलं, रिस्टार्ट केलं, आणि नेटची वायर काढायची विसरलो. विंडोजनं बघितलं की कार्डाला ड्रायव्हर नाही, मागनं गुपचूप स्वतःचा जुना ड्रायव्हर उतरवायला घेतला, इकडं आमचा इन्स्टॉलर चालू, दोघांची टक्कर, परत फेल. दुसऱ्यांदा वायर काढून केलं तेव्हा ड्रायव्हर पहिल्या झटक्यात बसला. मधे वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, नशीब तेव्हा आम्ही खाली चहा-भडंगावर होतो आणि इन्स्टॉल चालू नव्हतं. इन्व्हर्टरवर पीसी नसेल तर आभाळ बघून डीडीयूला हात घाला, हे आपलं सांगलीतलं वेगळं.

डीडीयू वाईट नाही, पण ते ऑपरेशन आहे, गोळी नव्हे. जुनं कार्ड एका कंपनीचं आणि नवीन दुसऱ्या कंपनीचं, किंवा ड्रायव्हरच बसत नाही, किंवा अर्धवट बसून स्क्रीन काळी व्हायलीय, तर डीडीयूच. लॅपटॉपवाल्यांनी जास्त जपून, कारण तिथं बहुतेकदा दोन ग्राफिक्स असतात आणि पुसताना नेमकं कुठलं निवडलंय ते बघावं लागतं. शिवाय बऱ्याच लॅपटॉपला डिस्क एन्क्रिप्शन चालू असतं, सेफ मोडला जाताना बिटलॉकरची, म्हणजे त्याच एन्क्रिप्शनच्या कुलपाची, ४८ आकडी की मागतो, आणि ती आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे हे तेव्हा आठवत नाही. ती आधी मोबाईलवर उघडून ठेवा. पासवर्डपण माहीत असू दे, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

तिसरा पर्याय कुणी सांगत नाही आणि मला तोच सगळ्यात जास्त पटतो: सोबतचं सॉफ्टवेअर सोडूनच द्यायचं. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पानावर नुसता ग्राफिक्स ड्रायव्हर असा पर्याय असतो. एएमडीत फुल, मिनिमल आणि ड्रायव्हर ओन्ली असे तीन. गेमच्या स्पीडला याचा काही फरक पडत नाही, ते काम ड्रायव्हरचं. जातं काय? नवीन ड्रायव्हर आल्याची सूचना जाते, ती दोन-तीन महिन्यांतनं एकदा साइटवर जाऊन बघितली तरी चालतं. रेकॉर्डिंग जातं, त्याला ओबीएस हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते कार्डातलाच एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ बनवणारा भाग, वापरतं, नाहीतर विंडोज की आणि जी दाबून येणारा गेम बार आहेच. पण एएमडीवाल्यांनी इथं जरा थांबा. एनव्हिडियाला रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट वगैरेसाठी वेगळं कंट्रोल पॅनल उरतं, एएमडीचं सगळं मात्र अॅड्रेनलिन ह्या त्यांच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्यामुळं एएमडीला ड्रायव्हर ओन्लीपेक्षा मिनिमल बरं.

आणि एएमडीची अजून एक गंमत. सॉफ्टवेअर नीट बसलेलं असतं, चार दिवसांनी विंडोज अपडेट मागनं ड्रायव्हर बदलतं, आणि मग अॅड्रेनलिन उघडताना म्हणतं की ही आवृत्ती तुमच्या ड्रायव्हरला जुळत नाही. लोक याला इन्स्टॉल फेल समजून परत पहिल्यापासनं सुरू करतात. त्यापेक्षा एएमडीचं पूर्ण पॅकेज उतरवून वरनं बसवा, आणि डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंगमध्ये विंडोजला आपोआप ड्रायव्हर आणू नको म्हणून सांगा. पुसायचंच असेल तर एएमडीचं स्वतःचं क्लीनअप युटिलिटीपण आहे.

सेकंडहँड कार्ड असेल तर ह्या सगळ्याच्या आधी कार्डाचं वय बघा, नाहीतर दिवसभर भुईला बडवत बसाल. जीटी ७१० सारख्या केप्लर ह्या जुन्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियानं २०२१ मध्येच नवीन गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमांसाठी येणारे ड्रायव्हर, बंद केले, त्यांना ४७० च्या मालिकेतलाच ड्रायव्हर लागतो, आजचा टाकला तर चालणारं हार्डवेअर सापडलं नाही म्हणून हात वर करतो. आपल्याकडं सेकंडहँडमध्ये फिरणारी ७५० टीआय, १०५० टीआय, १०६० ही कार्डं ५८० च्या मालिकेपर्यंत, त्यांचं गेम रेडी ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, पुढं ऑक्टोबर २०२८ पर्यंत नुसते सुरक्षेचे अपडेट. आणि कुणी जीफोर्स एक्स्पिरियन्सची, म्हणजे एनव्हिडियाच्या जुन्या सोबतच्या सॉफ्टवेअरची, फाईल पेनड्राइव्हवरनं आणून दिली तर घेऊ नका, त्याच्या जागी नोव्हेंबर २०२४ मध्ये एनव्हिडिया अॅप आलंय आणि त्याला लॉगिनची सक्तीपण नाही.

राहिला दुकानदाराचा विंडोज मारायचा सल्ला. रीसेट धिस पीसीमध्ये फायली ठेवा म्हटलं तरी बसवलेले प्रोग्राम सगळे जातात, क्लाउडवरनं उतरवायचं म्हटलं तर ४ जीबीच्या वर नेट लागतं, परत सगळं बसवायला अख्खा दिवस. घरात कुणाचं टॅली, कुणाचं प्रिंटरचं सेटिंग त्याच पीसीवर असेल तर भांडण फुकटात. विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या असतील, दुसरी सॉफ्टवेअरंपण बसत नसतील, तरच. एका अॅपसाठी नाही.

तर ठरवायचं असं. ड्रायव्हर बसलाय आणि रेकॉर्डिंगची गरज नाही, तर आत्ता उठा आणि गेम खेळा. रेकॉर्डिंग रोज लागतं आणि ओबीएसचा कंटाळा आहे, तर खरा रिस्टार्ट आणि क्लीन इन्स्टॉल. ड्रायव्हरच बसत नाही तर डीडीयू, वायर काढून. विंडोज मारणं मी शेवटच्या खणात ठेवतो.

भाच्याचं काय झालं ते राहिलंच. वायर काढून ड्रायव्हर बसला, पण सोबतचं सॉफ्टवेअर परत फेल, दोघंबी चक्रावलो. तासाभरानं ट्यूब पेटली. सोबतच्या सॉफ्टवेअरचा त्यानं उतरवलेला इन्स्टॉलर छोटा वेबवाला होता, इन्स्टॉल चालू असताना बाकीचं सगळं नेटवरनं ओढणारा, आणि वायर आम्हीच काढून ठेवलेली. वायर लावली, रिस्टार्ट केला, पाच मिनिटात बसलं. तोपर्यंत मी त्याला वेळ जायला म्हणून ओबीएस लावून दिलं होतं. आठ दिवसांनी विचारलं, रेकॉर्डिंग कसं चाललंय रे त्यावर, तर म्हणाला, "मामा, ते उघडलंच नाही अजून, ओबीएसवरच करतोय."