टॅटूवरची पारदर्शक पट्टी, लोकलच्या गर्दीत

पट्टी चांगली आहे, पण सरसकट सगळ्यांनी घ्यावी अशी नाही. पाचपैकी चार गुण.

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, कल्याणहून लोकलने येते-जाते. उजव्या दंडावर बकुळीची फांदी काढून घेतली, तीही ऐन मे महिन्यात. आर्टिस्टने काम झाल्यावर दंड पुसून वर ‘सेकंड स्किन’ लावली तेव्हा मला हसूच आलं. सलाईनच्या सुईवर आम्ही रोज लावतो तीच ही जात. वॉर्डात कंपनी कुठलीही असो, सगळे तिला टेगाडर्मच म्हणतात. पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असतो, एका बाजूला गोंद. घामाची वाफ बाहेर जाते, बाहेरचं पाणी आणि जंतू आत येत नाहीत. काही ठिकाणी डब्यावर गुंडाळायचा क्लिंग फिल्म लावून पाठवतात. घरी पोहोचेपर्यंत तो चालेल. रात्रभर ठेवलात तर आत घामाची वाफ कोंडते आणि कातडी पांढरी पडून फुगते.

पहिल्या रात्रीचं दृश्य मात्र आधी माहीत असलेलं बरं. पट्टीखाली काळपट-तांबूस पाणी साठतं. ती लस, थोडं रक्त आणि वर राहिलेली जादा शाई. आईने पाहिलं आणि ओरडलीच, “अगं, सडलं की काय ते!” सडत नाही. सुईने शाई आतल्या थरात, डर्मिसमध्ये सोडलेली असते. वरचा थर सोललेला असतो म्हणून तो पाझरतो. हे पाणी वाहत कडेपर्यंत आलं की तिथून वाट फुटते, आणि जिथून पाणी बाहेर येतं तिथून जंतू आत जातात. अशी कड उचलली की वरून सेलोटेप मारू नका. पट्टी काढा, धुवा, नवी लावा. म्हणून लावतानाच टॅटूच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर कोरडी, केस काढलेली कातडी पट्टीखाली आली पाहिजे.

मला पहिली पट्टी दुसऱ्या दिवशी काढायला सांगितली होती, दुसरी त्यानंतर चार-पाच दिवस ठेवायची होती. काढायची पद्धत सांगते, कारण इथेच लोक कातडी ओरबाडून घेतात. अंघोळीच्या कोमट पाण्याखाली दंड धरायचा, एक कोपरा सोडवायचा आणि पट्टी वर न उचलता कातडीला समांतर, बाजूला ताणायची. रबरासारखी लांबते आणि गोंद आपसूक सुटतो. मग बिनवासाचा साबण, हलका हात, आणि टिश्यू पेपरने टिपून घेणं. घरातला टॉवेल नको.

खरी कसोटी सकाळच्या लेडीज डब्यात. दाराशी उभी असताना कुणाची पर्स, कुणाचा घामेजलेला कोपर, कुणाची जरीची ओढणी, सगळं त्याच दंडावर घासत होतं. वर युनिफॉर्मची बाही. उघड्या टॅटूला हे अजिबात परवडलं नसतं. काखेच्या बाजूची कड घामाने सुटली, तेवढा एक गुण मी कापला. कोपर, घोटा, बोटं अशा सतत वाकणाऱ्या जागी ही टिकणं कठीण. तिथे धुणं आणि मलमच बरं.

मलमावरून आमच्या घरी महाभारत झालं. आजी हळद घेऊन बसली होती. तिच्या कपाळावरच्या गोंदणाला हळदच लावली होती म्हणे. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, हे तिला सांगून पटवणं माझ्या आवाक्यातलं काम नाही. बाबांनी कपाटातली अँटिबायोटिक ट्यूब पुढे केली. ती फ्रामायसेटिनची होती, नियोमायसिनच्या घराण्यातली, आणि काहींना तिचीच ॲलर्जी होऊन पुरळ उठतं. चिघळलेलं नसताना ती लागतच नाही. पट्टी निघाल्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, तेही इतकं पातळ की कातडी चमकू नये. पापुद्रे सुटायला लागले की भयंकर खाज येते. खाजवायचं नाही, खपली उचलायची नाही, फार तर वरून हलकेच थापटायचं. पोहणं आणि थेट ऊन निदान दोन-तीन आठवडे बंद.

ज्यांना साध्या बँडेडनेही चट्टे उठतात त्यांनी आधी नुसत्या कातडीवर छोटा तुकडा लावून बघा. पट्टीच्या आकारातच खाज आणि पुरळ आलं तर तो गोंदाचा राग, पट्टी काढून टाका. लाली टॅटूच्या बाहेर पसरत असेल, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत असेल, पिवळा पू किंवा ताप असेल, तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा.

मेडिकलमध्ये सुटी पट्टी मिळते. माझ्या फांदीला दहा बाय बारा सेंटीमीटरची पुरली. ऑनलाइन रोल स्वस्त पडतो, पण बरेचसे रोल निर्जंतुक नसतात, पाकिटावर वाचून घ्या. आणि नियमित रक्तदान करणाऱ्यांनो, टॅटूनंतर आपल्याकडे बारा महिने रक्त घेत नाहीत. शिबिर जवळ आलं असेल तर आधी रक्त द्या, मग सुईखाली बसा.