सांडपाण्याच्या प्लांटला पैसा कुठून आणायचा: अनुदान, कर्ज की स्वच्छता कर?

आपल्या विदर्भातल्या ३०-४० हजार वस्तीच्या नगर परिषदांत नाल्याचं पाणी नदीत तसंच सोडणं बंद करायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा येते. ज्यांना सर्वसाधारण सभेत ठरावावर हात वर करायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हिशोब बघा. ४० हजार लोकं, माणशी १३५ लिटर म्हणजे रोज ५४ लाख लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होते असं धरतात, म्हणजे ४३ लाख लिटर. पण हा हिशोब रोज नळ येणाऱ्या गावाचा आहे राजेहो, जिथं उन्हाळ्यात चार-चार दिवस नळ येत नाही तिथं पाइपातला मैला पुढं ढकलायला पाणीच नसते आणि भुयारी गटार जागोजागी चोक होते. म्हणून डीपीआर (म्हणजे कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल) भुयारी गटाराचा करायचा की सेप्टिक टँक उपसून अन् नाला अडवून काम भागवायचं, हे आधी ठरवा, पैशाचं त्यानंतर.

अनुदानात दोन मोठे रस्ते, केंद्र सरकारच्या अमृत २.० आणि स्वच्छ भारत नागरी २.० या योजना, दोन्ही १ ऑक्टोबर २०२१ चे, लाखाच्या आतल्या शहराला दोन्हीत केंद्राचा वाटा ५० टक्के. कागदावर सारखेच दिसतात पण अमृतमधलं सांडपाण्याचं काम पहिल्या अमृत योजनेत निवडलेल्या ५०० शहरांनाच आहे, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अचलपूर अशांना. दर्यापूर-आर्वीसारख्या गावांना स्वच्छ भारतच बघावं लागते, त्यात एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), नाला अडवून वळवणं, पंपिंग, मैला उपसायच्या गाड्या बसतात, गल्लीबोळातलं पाइपचं जाळं बसत नाही. दोन्ही मिशन पाच वर्षांचे, म्हणून नवीन प्रस्ताव घेतात का ते आधी लेखी विचारून घ्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, प्लांट चालवायचा खर्च दोन्हीत मिळत नाही. पंपाचं वीजबिल, ऑपरेटरचा पगार, सगळं नगर परिषदेवर, आणि बिल थकलं की मीटर कापल्या जाते अन् नाला परत नदीत.

कर्जाचं गणित सरळ आहे. समजा १० कोटी, ८ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साडेनऊ लाखांच्या वर जाते. गावात १० हजार मालमत्ता धरल्या तर प्रत्येकीवर वर्षाला साधारण ११५० रुपये, अन् यात वीजबिल नाहीच. जिथं घरपट्टीची वसुलीच अर्धवट आहे तिथं मी तरी हे सुचवणार नाही. बाँड, म्हणजे कर्जरोखे, एकट्या लहान नगर परिषदेच्या आवाक्यातले नाहीत, २००२ मधे तमिळनाडूत १३ लहान शहरांनी एकत्र येऊन ३०.४१ कोटी उभे केले होते, पण त्याला राज्य सरकारनं पुढाकार घ्यावा लागते.

मला पटते तो तिसरा रस्ता, वाई आणि सिन्नरचा. तिथं घरोघरचे सेप्टिक टँक भरून वाहण्याची वाट न पाहता पाळीनं उपसतात, ठेकेदाराला टँक उपसल्याप्रमाणे पैसे मिळतात आणि खर्चासाठी मालमत्ताधारकांकडून स्वच्छता कर घेतात. आत्ता आपल्याकडे टँक भरला की खासगी गाडीवाला म्हणेल तो भाव द्यावा लागते आणि तो मैला कुठं ओततो हे कोणी विचारत नाही. कराला विरोध होईल हे मान्य, पण लोकं तो पैसा आताही देतच आहेत. बांधकाम अनुदानातून आणि चालवणं करातून, ही जोडी आपल्या गावाला झेपू शकते असं मला मनापासून वाटते.

शुद्ध केलेल्या पाण्याला गिऱ्हाईकही शोधा. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार एसटीपीच्या ५० किमीच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी हे पाणी वापरणं बंधनकारक आहे आणि त्याचा खर्च त्यांना वीजदरात धरता येते. नागपूरचं पाणी कोराडीला जाते ते सगळ्यांना माहीतच आहे. पारस, तिरोडा, चंद्रपूरच्या आसपासच्या गावांनी हा पत्रव्यवहार डीपीआरच्या आधीच सुरू करावा, बाकीच्यांनी संत्र्याच्या बागाईतदारांशी बोलावं.

अन् काहीच न करणं फुकट नाही. सप्टेंबर २०२२ मधे हरित लवादानं घनकचरा आणि सांडपाण्यासाठी महाराष्ट्रावर १२ हजार कोटींची भरपाई लावली होती.

तर सभेत ठराव वाचला की एक ओळ त्यात लिहूनच घ्या, की पहिली पाच वर्षं वीजबिल अन् पगार कोणत्या खात्यातून जाणार. ती ओळ नसेल तर विषय पुढच्या सभेत ठेवायला सांगा.